नक्षी नंतर, आधी भोक

तंबाखू ओढायच्या ब्रायर लाकडाच्या पाइपला आपण जे पैसे मोजतो, त्यातले बरेचसे त्याच्या दिसण्याचे असतात. ओढताना तो कसा वागेल याच्याशी त्या पैशांचा संबंध फार थोडा. पहिला पाइप घ्यायला निघालेल्या माणसाला ही गोष्ट सहसा कुणी वेळेवर सांगत नाही, आणि मग दोनांपैकी एक काहीतरी घडतं. एक तर तो खिशाला न झेपणारा, आरशासारखा चकचकीत पाइप घेतो आणि चरा पडेल म्हणून त्याला हात लावायला धजत नाही. नाहीतर स्वस्तात मिळतोय म्हणून कुठल्यातरी रंगवलेल्या लाकडाचा पाइप उचलतो. तो चटका बसेल इतका तापतो, ओढताना त्यात पाणी खळखळतं, जीभ पोळते, आणि दोष आपल्याच ओढण्यात आहे असं त्या माणसाला वाटत राहतं.

या दोन टोकांच्या मधे भरपूर जागा आहे आणि तिथे माफक पैशांत उत्तम पाइप मिळतात. ते ओळखायचे कसे, हे समजायला आधी लाकूड समजून घ्यावं लागतं. मला तर पाइपच्या सगळ्या प्रकरणात ते लाकूडच सर्वांत जास्त ओढून घेतं.

ब्रायर म्हणजे एरिका आर्बोरिया नावाच्या झुडपाची गाठ. कॉर्सिका, सार्डिनिया, इटलीतले कॅलाब्रिया आणि टस्कनी, ग्रीस, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया अशा भूमध्य समुद्राभोवतीच्या मुलखात, कोरड्या आणि खडकाळ उतारांवर हे झुडूप वाढतं. वर बारीक पांढऱ्या फुलांचे तुरे. आणि खाली, जिथे खोड संपून मुळं सुरू होतात तिथे, जमिनीत गाडलेली एक वेडीवाकडी गाठ. झुडूप या गाठीत आपली शिदोरी साठवून ठेवतं. वणवा आला, वरचं सगळं जळून गेलं, तरी गाठ तग धरते आणि तिच्यातूनच नवे धुमारे फुटतात. पाइपला लागतं ते नेमकं हेच लाकूड: घट्ट, चिवट, आगीला सहजासहजी दाद न देणारं, आणि धुरातला ओलावा शोषून घेऊन नंतर तो हळूहळू सोडून देणारं. पाइपच्या कामाची गाठ तयार व्हायला कित्येक दशकं जावी लागतात.

खणून काढलेली गाठ पटकन वाळू द्यायची नसते, नाहीतर ती चिरते. म्हणून कापायची वेळ येईपर्यंत ती ओलसर ठेवतात. मग मोठ्या गोल करवतीवर तिचे ठोकळे काढतात. हे काम सगळं नजरेचं आहे. कापणारा प्रत्येक गाठ हातात फिरवून बघतो, चीर कुठे आहे, कुजलेला भाग कुठे आहे, रेघा कुठल्या अंगाला धावतात हे ताडतो आणि त्याप्रमाणे करवतीला लावतो. ते ठोकळे पुढे तासन्‌तास पाण्यात उकळतात. त्यात लाकडातला चीक आणि टॅनिन निघून जातं. ते आत राहिलं तर धुराला कडवटपणा येतो. उकळून झाल्यावर कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ, ते सावकाश सुकवायचे. कमी सुकलेल्या लाकडाचा पाइप कितीही देखणा असला तरी सुरुवातीचे बरेच दिवस तो ओढणाऱ्याला छळतो.

पाइपसाठी हे लाकूड वापरात आलं ते 1850 च्या दशकात, फ्रान्सच्या जुरा डोंगरातल्या सँ-क्लोद या गावात. तिथले कारागीर आधीपासूनच बॉक्सवुड आणि शिंगाच्या नळ्या कातून पाइपना पुरवत होते, त्यामुळे लेथ होते, हात तयार होते. त्याआधी लोक ओढायचे ते मातीचे पाइप, पोर्सेलिनचे पाइप आणि ऐपत असेल तर मीरशॉम या मऊ पांढऱ्या खनिजाचे. मातीचा पाइप हातातून निसटला की संपला, शिवाय तो हाताला सोसवत नाही इतका तापायचा. मीरशॉम नाजूक आणि महाग. ब्रायर खिशात टाकता यायचा, पडला तरी सहसा फुटायचा नाही आणि बोटांना सोसेल इतपतच तापायचा. पुढच्या काही दशकांत त्याने बाकीच्यांना मागे सारलं, यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

आता किमतीची गोष्ट. ही गाठ दगडगोट्यांत वाढते आणि वाढता वाढता बारीक खडे, वाळूचे कण पोटात घेते. कुठे कुठे आतल्या आत बारीक पोकळ्या राहतात. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. कारागीर ठोकळ्याला घाट देत असतो, तंबाखू भरायची वाटी गोल होत आलेली असते, आणि अचानक टाचणीच्या डोक्याएवढा काळा खड्डा समोर उघडा पडतो. त्या क्षणी त्या पाइपची किंमत ठरते. एकही खड्डा निघाला नाही आणि रेघाही उभ्या, सरळ, वाटीभर सारख्या धावत असतील, तर त्याला फिकट रंग देऊन, नुसतं पॉलिश करून, सगळ्यांत महाग म्हणून विकतात. एक-दोन बारीक खड्डे निघाले तर त्यात लांबी (पुट्टी) भरतात आणि गडद रंग देतात. खड्डे जास्त असतील तर वाटीवर जोराच्या हवेने वाळू मारतात. मऊ लाकूड झिजतं, टणक वलयं उठून दिसतात, हा सँडब्लास्ट. आणि खड्डे त्याहून खोल असले तर हत्याराने सगळा पृष्ठभाग खरबरीत कोरून काढतात, तो रस्टिकेटेड.

पण विचार करा, हे सगळे पाइप एकाच गाठीतले असू शकतात. एकाच कढईत उकळलेले, एकाच खोलीत सुकलेले, आणि मुख्य म्हणजे त्यांना भोकं पाडणारं यंत्र आणि ते चालवणारा हातही तोच. बाहेरच्या अंगावरचा वाळूचा खड्डा तेवढा एकाच्या वाट्याला आला, दुसऱ्याच्या नाही. म्हणून चांगल्या कारखान्याचा सगळ्यांत स्वस्त, खडबडीत पाइप हा नवशिक्यासाठी जवळजवळ नेहमीच योग्य सौदा असतो. त्यात कौशल्याची सगळी किंमत वसूल होते आणि नशिबाची किंमत द्यावी लागत नाही.

सँडब्लास्टला प्रतिष्ठा मिळवून दिली ती लंडनच्या आल्फ्रेड डनहिलने. 1917 मध्ये त्याने या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि त्या पाइपना 'शेल' हे नाव दिलं. तेव्हापासून त्या खडबडीतपणाचे स्वतंत्र चाहते तयार झाले. मीही त्यातलाच. चांगल्या सँडब्लास्टवर अंगठा फिरवला की लाकडाची एकेक वलयं बोटाला लागतात, झाडाने काढलेली वर्षं मोजता येतील अशी. गुळगुळीत पॉलिशखाली ती नुसती दिसतात. शिवाय तापलेला पाइप हातात धरायला खरबरीत पृष्ठभाग सोपा जातो, आणि रोजच्या वापरातले चरे त्याच्यावर कळूनही येत नाहीत.

एकाच घडणीचे दोन पाइप, एक सरळ रेघांचा आणि एक रस्टिकेटेड, मी शेजारी शेजारी ठेवून एकाच डब्यातली तंबाखू भरून ओढून पाहिले आहेत. डोळे मिटले की कुठला कुठला हे मला सांगता येत नाही. आणि ज्यांच्या जिभेवर माझा विश्वास आहे अशा जुन्या पाइपवाल्यांचंही म्हणणं असंच पडतं.

मग ओढण्यात फरक कशाने पडतो? भोकाने. वाटीच्या तळापासून ओठापर्यंत धूर ज्या वाटेने येतो ती वाट सरळ, गुळगुळीत आणि सारख्या रुंदीची असली पाहिजे. पाइप चांगला की वाईट हे बहुतेक इथेच ठरतं, आणि हे तपासायला कसलंही खास ज्ञान लागत नाही. एक पाइप क्लीनर, म्हणजे पाइप साफ करायची लवदार तार, आणि एक टॉर्च पुरते.

पाइप हातात आला की आधी वाटीत टॉर्च मारून तळ बघावा. हवेचं भोक बरोबर तळाला, मधोमध उघडलं पाहिजे. ते तळापासून वर, वाटीच्या भिंतीत उघडत असेल तर त्याच्या खालची तंबाखू कधीच नीट जळणार नाही. ती ओली होऊन तळाशी बसेल आणि पाइप संपत आला की आंबूस चव देईल. भोक एका बाजूला सरकलेलं असेल तर जळणंही एका अंगाने होतं. दोन-तीन मिलिमीटरचा फरकसुद्धा जाणवतो. याच तपासात वाटीच्या आतली भिंतही बघून घ्यावी. बाहेरचे खड्डे चालतात, त्यात लांबी भरलेलीही चालते. पण आत खड्डा किंवा चीर असली तर तो पाइप सरळ परत ठेवावा, कारण तिथूनच लाकूड जळायला सुरुवात होते. काही कारखाने आतून काळा लेप देतात. सुरुवातीच्या दिवसांत त्याने लाकडाचं रक्षण होतं हे खरं, पण तो जाडसर असेल तर खाली काय झाकलंय हे कळत नाही. मला स्वतःला आतून कोरं लाकूड दिसलेलं बरं वाटतं.

दुसरी तपासणी मला फार आवडते. क्लीनर वाटीत उभा सोडा, तळाला टेकला की वाटीच्या काठाशी तो चिमटीत धरा, तसाच बाहेर काढून वाटीच्या बाहेरच्या अंगाला लावा. क्लीनरचं टोक जिथे येतं त्याच्या खाली किती लाकूड उरलंय हे लगेच दिसतं. सहा-सात मिलिमीटर तरी असायला हवं. तेवढंच लाकूड आजूबाजूच्या भिंतीतही हवं. भिंत पातळ असेल तर पाइप लवकर तापतो, आणि नवशिक्या माणूस तंबाखू विझू नये म्हणून भराभर झुरके मारत असल्याने त्याला ही जाडी अनुभवी माणसापेक्षा जास्त लागते.

तिसरी गोष्ट म्हणजे जोड. तोंडात धरायची दांडी, म्हणजे स्टेम, आणि वाटीची लाकडी मान जिथे एकमेकांत बसतात ती जागा. स्टेम जोडलेलं असतानाच ओठाच्या टोकाकडून क्लीनर आत सरकवा. तो न अडखळता वाटीच्या तळाशी डोकावला तर उत्तम. मधेच ठेचकाळला तर दोन्हीकडची भोकं समोरासमोर आलेली नाहीत. मग स्टेम एकाच दिशेला हळूहळू पिळत काढा आणि त्याचं बारीक टोक, ज्याला टेनन म्हणतात, मानेच्या खोबणीत पूर्ण तळापर्यंत पोहोचत होतं का ते क्लीनरने मापा. मधे मोकळी जागा राहिली असेल तर तिथे पोहोचल्यावर धूर पसरतो, थंड होतो, त्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि पाइप खळखळायला लागतो. स्वस्त पाइपबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात त्यातल्या कितीतरी या एवढ्याशा फटीतून जन्मतात.

शेवटी रिकामा पाइप ओठात धरून हवा ओढून बघायची. स्ट्रॉने पाणी ओढायला जेवढा जोर लागतो तेवढाही इथे लागता कामा नये. बारीक शिट्टी ऐकू आली तर वाट कुठेतरी चिंचोळी झालेली आहे. साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर व्यासाचं भोक बहुतेकांना सोयीचं पडतं.

हातात घेऊन बघायची सोय नसेल, फोटोवरूनच मागवायचा असेल, तर विक्रेत्याकडे दोन फोटो मागावेत: एक वाटीत वरून डोकावणारा, भोक दिसेल असा, आणि एक स्टेम काढून टेनन आणि खोबण दाखवणारा. जो विक्रेता हे फोटो विनातक्रार पाठवतो त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही. सहासात वस्तूंचा संच, स्टँडसकट, चकचकीत खोक्यात, असं काही दिसलं तर मात्र जपून. त्यात पाइपवर 'लाकडी' एवढंच लिहिलेलं असतं, ब्रायरचं नाव नसतं, आणि अंगावर वार्निशचा असा जाड थर असतो की पाइप तापला की तो फुगतो. पेअर आणि चेरीच्या लाकडाचे प्रामाणिकपणे बनवलेले पाइप मिळतात आणि ते ओढताही येतात, पण ब्रायर म्हणून पैसे देऊन ते पदरात पडू नयेत.

आकाराबद्दल माझं मत ठाम आहे: पहिला पाइप सरळ घ्यावा. बिलियर्ड, ॲपल, पॉट, लोव्हॅट, यांतला कुठलाही. वाकडा पाइप दातांत धरायला हलका पडतो, चेहऱ्याला शोभतोही, पण त्याचं भोक पाडणं अवघड असतं. वळणाच्या मानेत दोन्हीकडून पाडलेली भोकं एका ओळीत आणायची तर कारागीर तयारीचा हवा, आणि कमी किमतीत नेमकी तीच तयारी कमी मिळते. शिवाय वळणाशी ओलावा साचतो आणि क्लीनर घालायला त्रास होतो. सरळ पाइपमध्ये चूक करायला जागाच कमी. वाकडाच हवा असेल तर मानेला किंचित बाक असलेला घ्यावा; अर्ध्याहून जास्त वळलेला नको.

वाटी मध्यम किंवा मध्यमाहून लहान असावी. आतून 18 ते 20 मिलिमीटर व्यास आणि 35 च्या आसपास खोली भरपूर झाली. नवशिक्याला मोठी वाटी शेवटपर्यंत नेता येत नाही. अर्ध्यातच ती ओली होते, मग पुन्हा पुन्हा काडी ओढावी लागते. याला दुसरंही कारण आहे आणि ते मी हातचं राखून सांगणार नाही. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात फिरवून सोडतात, म्हणून तो निरुपद्रवी आहे असा समज फार पसरलेला आहे. तो खोटा आहे. सॅम्युएल टॉमस झोमरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने 1795 मध्येच लिहून ठेवलं होतं की ओठाचा कर्करोग पाइप ओढणाऱ्यांत जास्त आढळतो. तोंड, घसा, अन्ननलिका यांना धोका आहेच, आणि निकोटिनची सवय तोंडातूनही लागते. जो तंबाखूपासून लांब आहे त्याने या लेखामुळे जवळ येऊ नये. ज्याचं ओढायचं ठरलेलंच आहे त्याने लहान वाटीचा पाइप घ्यावा आणि तो क्वचित, सावकाश ओढावा, असं मला मनापासून वाटतं.

स्टेम दोन प्रकारांत मिळतं. व्हल्कनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, दातांना मऊ लागतं. पण उन्हात आणि हवेत ते हळूहळू हिरवट-तपकिरी पडतं आणि मग चवही रबरासारखी येते. ओढून झाल्यावर पुसून अंधारात ठेवलं तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. ॲक्रिलिकची चकाकी टिकते, पण ते दातांवर कडक आदळतं. जो पाइप हातात धरून ओढणार त्याने ॲक्रिलिक घ्यावं, दातांत धरणाऱ्याने व्हल्कनाइट. यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ओठात येणारं टोक पातळ असावं. स्वस्त पाइपचं स्टेम तिथे जाडजूड ठेवलेलं असतं आणि अर्ध्या तासात जबडा अवघडतो.

फिल्टरवर लोक तावातावाने बोलतात. 9 मिलिमीटरचा फिल्टर जर्मनीत आणि इटलीत सर्रास वापरतात, त्यात बहुधा सक्रिय कोळसा असतो. साविनेलीच्या पाइपना बाल्सा लाकडाचा छोटा तुकडा बसतो, तो ओलावा टिपून घेतो. नवशिक्याला फिल्टरची मदत होते, धूर कोरडा आणि थंड लागतो, थोडी चव मात्र त्यात जाते. मी फिल्टरशिवायचा पाइप घ्या असंच म्हणेन, कारण 9 मिलिमीटरच्या पाइपमधला फिल्टर काढून तसाच ओढला की मोकळी खोबण राहते आणि वर सांगितलेली फटीची अडचण समोर उभी राहते. त्यासाठी अडॅप्टर मिळतो, पण पहिल्याच पाइपला जोडकाम कशाला? काही पाइपमध्ये धातूची बारीक सळी बसवलेली असते. ती काढता येत असेल तर काढून ठेवावी.

ओलाव्यावरचा एक जुना आणि मला पटलेला उपाय डब्लिनच्या पीटरसन कंपनीचा. चार्ल्स पीटरसनने 1890 मध्ये पेटंट घेतलेल्या 'सिस्टिम' पाइपमध्ये मानेच्या तळाशी एक छोटी विहीर खोदलेली असते. धुरातलं पाणी तिथे साचतं, तोंडापर्यंत येत नाही. मधेच स्टेम काढून ते झटकूनही टाकता येतं, कारण त्याची घडणच तशी सैल-घट्ट बसणारी आहे. इतर पाइपचं स्टेम गरम असताना काढलं तर मान चिरण्याची भीती असते. वळणाचाच पाइप हवा असा ज्याचा हट्ट आहे त्याने या सिस्टिम पाइपमधला खडबडीत, कमी किमतीचा नमुना बघावा.

बाकी नावांमध्ये फार गुंतून पडू नये, तरी काही सांगतो. मिलानमध्ये 1876 साली दुकान थाटलेली साविनेली, सँ-क्लोदची शाकोम, नुरेंबर्गची 1848 पासूनची फाउएन, या सगळ्यांचे पायथ्याच्या किमतीचे पाइप असतात आणि त्यात भोकाचं काम सहसा चोख असतं. कारखान्याचा फायदा हाच की यंत्र रोज तेच भोक पाडतं. एकट्याने हाताने पाइप बनवणारे कारागीर याहून सुंदर काम करतात, पण ते पुढच्या टप्प्यासाठी.

वापरलेला पाइप घ्यायला कचरू नका. कुणाच्या तरी संग्रहातून आलेला, स्वच्छ करून विकायला ठेवलेला जुना ब्रायर त्याच पैशांत दोन पायऱ्या वरचं लाकूड देऊन जातो, आणि ते लाकूड सुकून मुरलेलं असतं. फक्त वाटीचा काठ आतून जळून वाकडा झालेला नाही ना, मानेला केसाएवढी चीर नाही ना आणि स्टेमवर दातांनी आरपार भोक पडलेलं नाही ना, हे बघायचं. काजळीचा थर जाड असेल तर तो खरवडून काढता येतो. स्टेमचा हिरवटपणाही निघतो. चीर मात्र नवशिक्याने विकत घेऊ नये.

आणि ज्याला अजून खात्रीच नाही त्याने मक्याच्या कणसाचा पाइप घ्यावा. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावात 1869 पासून मिसूरी मीरशॉम कंपनी तो बनवते. तो हलका असतो, त्याला मुरवावं लागत नाही आणि त्याचं ओढणं खरंच गोड असतं. रंगवलेल्या लाकडाच्या नकली ब्रायरपेक्षा तो कितीतरी सरस. तो वर्षानुवर्षं टिकण्यासाठी नसतो एवढंच.

ब्रायर घेतला की पहिल्या काही वेळा तो संयमाने ओढायचा. वाटी अर्धीच भरावी, तळाला सैल आणि वर किंचित घट्ट, आणि झुरके इतके लांबलांब घ्यावेत की पाइप गालाला लावला तरी सोसवेल. तंबाखू फार ओली असेल तर थोडा वेळ मोकळी पसरून ठेवावी. खळखळीचं निम्मं कारण डब्यातच असतं. हळूहळू वाटीच्या आत काजळीचा पातळ थर धरतो आणि लाकडाचं रक्षण करतो. तो मिलिमीटर-दीड मिलिमीटरहून जाड होऊ देऊ नये, कारण तापल्यावर तो लाकडाहून वेगळ्या गतीने फुगतो आणि वाटी चिरू शकते. प्रत्येक वेळी ओढून झालं की, पाइप पूर्ण थंड होण्याआधी, स्टेम न काढता क्लीनर आरपार फिरवून घ्यावा. याला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि पाइपचं आयुष्य यावरच उभं असतं.

ब्रायर ओलावा शोषतो, तसा तो सोडायला त्याला वेळही लागतो. निदान एक दिवस. म्हणून पहिल्यांदा जेवढे पैसे काढून ठेवले असतील ते एका देखण्या पाइपवर संपवण्याऐवजी त्यात दोन साधे, खडबडीत, सरळ भोकाचे पाइप घ्यावेत असं मी प्रत्येकाला सांगतो. एक आज, दुसरा उद्या. लाताकियासारख्या धुरकट तंबाखूचा वास लाकडात घर करून बसतो आणि नंतर भरलेल्या नाजूक तंबाखूतूनही डोकावतो. दोन पाइप असले की एक त्या गडद मिश्रणांसाठी वेगळा ठेवता येतो आणि दुसरा व्हर्जिनियासारख्या नाजूक तंबाखूसाठी. दोघांच्या मानेवर कारखान्याचा छाप असतोच, पण आतून कुठला कशासाठी हे विसरायला होत असेल तर एकाचा आकार ॲपल आणि दुसऱ्याचा बिलियर्ड घ्या, म्हणजे अंधारातसुद्धा हाताला कळेल.